दोन थेंब गुलाबपाणी

फोटो बघून स्वयंपाक करू नये एवढी अक्कल मला आलेली होती, पण फोटो बघून कॉकटेलही करू नये हे कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोत काय होतं, तर उंच दांडीचा ग्लास, त्यात फिकट गुलाबी काहीतरी, वर बोटभर पांढरा फेस आणि फेसावर गुलाबाची एकच पाकळी, अशी की झाडावरून स्वतःहून उतरून येऊन बसलीये. खाली लिहिलेलं, उन्हाळ्यासाठी हलकंफुलकं, फक्त पाच साहित्य, फक्त दहा मिनिटं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, शनिवारी तीन मैत्रिणी येणार होत्या, मी ग्रुपवर टाकून मोकळी झाले की ड्रिंक्स मी करतेय, कुणी काही आणू नका. तिघींचेही अंगठे आल्यावर मी रेसिपी पहिल्यांदा पूर्ण वाचली.

पाच साहित्य म्हणजे जिन ६० मिली, लिंबाचा रस २५ मिली, स्ट्रॉबेरी सिरप २० मिली, एका अंड्याचा पांढरा भाग आणि गुलाबपाणी दोन थेंब. वरून सोडा. सोडा त्यांनी मोजलाच नव्हता, बर्फ तर साहित्यात धरतच नाहीत बहुतेक, आणि स्ट्रॉबेरी सिरप म्हणजे आपण आधीच करून, गाळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलेलं असणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं. जगात अशी माणसं असतील ज्यांच्या फ्रिजमध्ये अचानक स्ट्रॉबेरी सिरप निघतं. आमच्याकडे अचानक निघतं ते गेल्या आठवड्यातलं काहीतरी, डब्यात, झाकण न उघडण्याच्या अवस्थेत.

सिरप मी गॅसवर केलं. साखर, पाणी, चिरलेल्या स्ट्रॉबेरी, मध्यम आच, आणि मध्ये एक फोन आला. परत आले तेव्हा जॅम झाला होता. चांगला झाला होता, खोटं कशाला बोलू, पण जॅम तो जॅम, चमच्याला धरून बसतो, ग्लासात उतरत नाही. मग कळलं की गॅस लागतच नाही मुळी. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर नुसती साखर घालून झाकून ठेवायची, साखर फळातलं पाणी बाहेर ओढून घेते आणि दोनेक तासात तळाशी लालभडक पाक तयार, ताज्या फळाच्या वासाचा. म्हंजे काहीच न करणं ही योग्य पद्धत होती आणि नेमकी तीच मला जमली नव्हती.

दुसरा प्रश्न मापाचा. घरात कप आहेत, चमचे आहेत, मिली दाखवणारं काही नाही. शोधता शोधता खोकल्याच्या औषधाचं टोपण सापडलं, त्यावर ५, १०, १५ अशा सुबक रेघा. घासूनपुसून घेतलं तरी त्याचा तो वास काही जाईना. ६० मिली जिन म्हणजे चार टोपणं. चार टोपणं जिन, हे मोठ्याने म्हणून बघा, कसं वाटतं. मी म्हटलं आणि नवरा दारात येऊन उभा राहिला. "अगं, जेवणाआधी घ्यायचंय का नंतर?"

आता फुलं. माझा पहिला विचार अगदी सरळ होता, फुलवाल्याकडून गुलाब आणू, पाकळ्या टाकू. नशीब की आधी वाचलं. फुलवाल्याकडची फुलं दिसण्यासाठी वाढवलेली असतात, त्यांच्यावर कीटकनाशकं मारलेली असतात, ती खायची नसतात. आणि काही फुलं तर औषधाशिवायही घात करतात, कण्हेर कितीही गोंडस दिसली तरी ती विषारी आहे, ग्लासात काय ग्लासाच्या आसपासही नको. एल्डरफ्लॉवर नावाच्या पांढऱ्या नाजूक फुलांचं एक लिक्युअर, म्हणजे गोड मद्य, मिळतं, त्यातलं एक प्रसिद्ध फ्रेंच लिक्युअर २००७ साली बाजारात आलं आणि मग बारवाले ते इतकं सगळ्यात घालायला लागले की ती बाटली म्हणजे बारवाल्यांचं केचप अशी थट्टा सुरू झाली. ते माझ्याकडे असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. माझ्याकडे होतं गुलाबपाणी. चेहऱ्याला लावायचं नव्हे, खायचं, बाटलीवर दोनदा वाचून खात्री केली. एवढी काळजी घेतली पण बाटलीचं तोंड केवढं आहे ते नाही बघितलं.

दोन थेंब लिहिलं होतं. मी बाटली अगदी हळू कलती केली, काही येईना, अजून थोडी कलती केली, तरी काही येईना, म्हणून अगदी जराशी हलवली आणि भस्सकन दोन चमचे.

मी चव घेतली. साबण. म्हणजे साबणासारखं वगैरे नाही, आंघोळ करताना चुकून तोंडात जातो तो साबण. यात गुलाबाची चूक नाहीये, गुलाबाचा जो वास असतो त्यातलं जेरॅनिऑल, लव्हेंडरचा जो असतो त्यातलं लिनालूल, हीच द्रव्यं साबणात नि अत्तरात घातलेली असतात, आपल्या नाकाने हा वास बाथरूमच्या खात्यात जमा करून ठेवलेला असतो. दोन थेंब असले की नाक म्हणतं फूल. दोन चमचे झाले की नाक म्हणतं टॉवेल कुठाय.

फेकून द्यायला जीव होईना, चार टोपणं मोजलेली होती. म्हटलं बाकीचं वाढवू, म्हणजे गुलाबपाण्याचं प्रमाण कमी होईल. नवरा हिशोबाला पक्का, तो लगेच बोटांवर मोजायला लागला. दोन चमचे म्हणजे १० मिली, एका मिलीत साधारण २० थेंब, म्हणजे दोनशे थेंब झाले, ग्लासाला दोन थेंब, तर शंभर ग्लास करायला लागतील. शंभर ग्लासांना ६० मिलीने सहा लिटर जिन. "तीनच जणी येतायत ना?" तो म्हणाला. मी ते बेसिनमध्ये ओतलं. बेसिन दोन दिवस घमघमत होतं, त्याला मात्र तो वास शोभत होता.

दुसऱ्या प्रयत्नात गुलाबपाणी मी औषधाच्या ड्रॉपरने घातलं (आमच्या घरातला अख्खा बार औषधाच्या डब्यातून निघालाय हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय) आणि सगळं लक्ष फेसाकडे वळवलं. फेस येतो अंड्याच्या पांढऱ्यामुळे. आधी बर्फाशिवाय जोरात हलवायचं, म्हणजे अंडं फुलतं, मग बर्फ घालून परत हलवायचं. पण तिघींतली एक अंडं खात नाही आणि कच्चं अंडं म्हटल्यावर नवराही दोन पावलं मागे सरकला. याला पर्याय म्हणजे काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी. हसू नका, खरंच फेस होतो, २०१४ मध्ये फ्रान्समधल्या ज्योएल रोसेल नावाच्या गायकाने हे शोधून काढलं. गायकाला चण्याच्या पाण्यात का शिरावंसं वाटलं असेल हा विचार मी बराच वेळ केला. शिरला ते बरं झालं.

हलवायला किती वेळ? साधं कॉकटेल बर्फासकट दहा-पंधरा सेकंद हलवलं की पुरतं. पण १८८८ च्या सुमारास न्यू ऑर्लीन्समध्ये हेन्री रामोसने जिन, लिंबू, साय, अंडं आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून एक ड्रिंक काढलं ते म्हणे बारा मिनिटं हलवायचे, आणि गर्दी एवढी की त्याने नुसती शेकर हलवायला पोरं ठेवली होती, ओळीने उभी, एकाचे हात भरून आले की पुढच्याकडे द्यायचं. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पगार किती होता?" म्हणजे मीच हलवणार होते.

शेकर आमच्याकडे आहे. लग्नात आलेला, तीन भागांचा, स्टीलचा, इतकी वर्षं पेन ठेवायला होता. किचनमध्ये उकाडा म्हणून मी बाहेर जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिले. जिन घातली, लिंबू, पाक (त्यात स्ट्रॉबेरीचे तुकडेही राहू दिले, म्हटलं चव उतरेल), चण्याचं पाणी, ड्रॉपरने दोन, फक्त दोन थेंब. आणि वरून सोडा.

रेसिपीत "वरून सोडा" लिहिलं होतं हो. वरून म्हणजे ग्लासात ओतून झाल्यावर वरून, हे ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे. मी वरून घातला तो शेकरमध्ये. झाकण लावलं आणि मघाशीच वाचलेल्या रामोसच्या पोरांचं स्मरण करून जी हलवायला लागले. सोड्यात गॅस दाबून बसवलेला असतो, हलवला की तो बाहेर यायला बघतो, आणि वाट एकच. चौथ्या की पाचव्या झटक्याला झाकण गेलं. कुठे गेलं ते नंतर सोफ्याखाली सापडलं. त्यामागून गुलाबी फेसाचं कारंजं, त्यात स्ट्रॉबेरीचे तुकडे, सरळ छतापर्यंत. माझ्या चष्म्यावर फेस, केसात फेस, आणि मी रिकामा शेकर तसाच हलवतेय, हात थांबायला वेळ लागतो हो.

नवरा काहीही बोलला नाही. स्टूल आणलं, झाडूला फडकं बांधलं आणि छत पुसायला घेतलं. पंख्यामागचा, लॅम्पच्या कडेचा एक तुकडा काही निघेना, म्हणाला राहू दे, वाळला की पडेल आपोआप. छताला जिन आणि गुलाबाचा अगदी नाजूक, प्रमाणबद्ध वास येत होता. हवा होता तोच. छतापर्यंत बरोबर जमलं होतं.

त्या रात्री मी झोपायच्या आधी फोनवर इतरांचं यश वाचत बसले, ही एक वाईट सवय आहे. व्हेनिसमध्ये ज्युसेप्पे चिप्रियानीने पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको नावाची फेसाळ इटालियन वाइन एवढ्याच दोन गोष्टी एकत्र केल्या, बेल्लिनी या चित्रकाराचं नाव दिलं, झालं, जगभर गाजलं. दोन गोष्टी! त्याही आधी १८०६ साली अमेरिकेतल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं, मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्यात ना फेस, ना पाकळी, ना चणे. तिथेच थांबायला काय झालं होतं माणसाला?

शनिवारी मैत्रिणी वेळेच्या आधी आल्या, नेहमी उशिरा येतात. तिसरा प्रयत्न हातात होता. या वेळी सोडा वेगळा ठेवला, पाक गाळून घेतला, आणि बर्फ मात्र दोनच खडे टाकले, म्हटलं जास्त टाकला तर पाणचट होईल. उलटं असतं ते. दोनच खडे असले की बिचारे सगळ्यांना गार करता करता पूर्ण विरघळतात, भरपूर असला की पटकन गार होतं आणि पाणी कमी सुटतं. माझी उंच मैत्रीण म्हणाली, "ए, भर ना पूर्ण, कंजूष कुठली," तेव्हा भरला. आणि गोडीही वाढवायला लागली, कारण मी चव घेतली होती ती गरम असताना, गार झालं की जिभेला गोड कमी लागतं आणि लिंबू एकटंच बोलायला लागतं.

हलवलं. मस्त आवाज आला, तो खळखळ आवाज ऐकून एकीने टाळ्या वाजवल्या. मग झाकण निघेना. आतली हवा गार होऊन आक्रसते आणि झाकण आत ओढून धरते, स्टीलही जरा आवळतं. शेकरच्या या तीन भागांच्या डिझाइनचं पेटंट १८८४ चं आहे, म्हणजे एवढ्या वर्षांत कुणालाच हा त्रास झाला नाही की काय. मी ओढलं, नवऱ्याने ओढलं, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, मुलाखत द्यायला आल्यासारख्या तिघी सोफ्यावर बसून बघतायत. शेवटी उंच मैत्रिणीने शेकर घेतला, गरम पाण्यात भिजवलेलं फडकं झाकणाला गुंडाळलं, बाजूने तळव्याने एक थाप मारली आणि निघालं. "अगं हॉस्टेलला डबे असेच उघडायचो," म्हणाली.

ओतलं. आणि काय सांगू, गुलाबी आलं. फिकट, अगदी फोटोतलं गुलाबी, वर बोटभर पांढरा फेस, सोडा हळूच कडेने सोडला तसा फेस ग्लासाच्या काठाच्या वर उचलला गेला आणि तिथेच थांबला. कुणी काही बोलेना. नवराही म्हणाला, "अरे वा." फक्त पाकळी नव्हती. आमच्या कुंडीतला गुलाब, ज्याला औषध मारलेलं नाही अशी माझी एकमेव खात्रीची पाकळी, ती उन्हाने कडेने तपकिरी होऊन वाळली होती.

"राहू दे गं पाकळी, फोटो काढू," म्हणून तिघींनी फोन काढले. ग्लास टेबलाच्या मधोमध, लॅम्पच्या उजेडात नीट ठेवला. "पंखा लाव गं जरा, घामाने चेहरे चमकतायत," एक म्हणाली. नवऱ्याने पंखा लावला.

वरून काहीतरी आलं. टप्प असा आवाजसुद्धा नाही झाला, फेसावर अलगद येऊन बसलं, लाल, छोटं, थोडं वाळलेलं, बरोब्बर मध्यभागी.

तिघी ग्लासावर वाकल्या. मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा छताकडे.

"ए, कसलं भारी," उंच मैत्रीण म्हणाली. "ड्राय स्ट्रॉबेरी ना? बुडत कशी नाही ही? कशी ठेवतात?"

"वरून सोडायची," मी म्हटलं.