सोल दाखवा, पुढे जा

मेहुणी फ्रान्सला राहते म्हणजे राहण्याचा खर्च वाचला एवढ्या एका मुद्द्यावर आमची ट्रिप ठरली, मार्सेलिसजवळचे कलांक पायी बघायचे हेही तिनेच ठरवलं, आणि आयत्या वेळी ऑफिसचं काहीतरी निघालं म्हणून ती स्वतः आलीच नाही. असो. मराठी माणसाला मार्सेलिस माहीत असतं ते 1910 सालच्या एका उडीमुळे. मला काही उडीबिडी मारायची नव्हती, नुसतं खाली उतरायचं होतं. तेही सुखाने होऊ दिलं नाही लोकांनी.

कलांक म्हणजे चुनखडीच्या डोंगरात आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद चिंचोळ्या खाचा. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होता तेव्हा या साध्या दऱ्या होत्या, मग बर्फ वितळलं, पाणी वर चढलं आणि दऱ्या निम्म्या बुडाल्या. कासी गावातून चालत निघालं की पहिला कलांक पोर मियू, तो यॉटींनी खचाखच भरलेला, मग पोर पँ, तिथे पोरंबाळं आणि डबे, आणि तिसरा आँ व्हो, सगळ्या फोटोंमध्ये असतो तो. त्याच्या दोन्ही बाजूंना सरळसोट पांढरे कडे आणि खाली खोटं वाटेल असं हिरवंनिळं पाणी. फक्त तिथे उतरायची जी नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, आहे ती बेकार आहे. आपला सह्याद्रीचा कातळ काळा, खडबडीत, बुटाला धरून ठेवतो (पावसाळ्यातलं शेवाळ सोडा). ही चुनखडी त्या मानाने मऊ, त्यात इतक्या लोकांनी इतकी वर्षं नेमके त्याच त्याच जागी पाय ठेवलेत की दगड घासून आरशासारखा झालाय, उन्हात चमकतो, आणि मधेमधे वर आलेली पाइनची मुळंसुद्धा लोकांनी धरून धरून गुळगुळीत पॉलिश झालीत.

तर या नाळेच्या तोंडाशी तो म्हातारा बसला होता.

सत्तरीच्या पुढचा, उघडाबंब, छातीवर पांढरं जंगल, खाली एक आखूड निळी चड्डी, आणि हातात पीच. टोपी नाही, बिल्ला नाही, शिट्टी नाही. हा भाग 2012 पासून नॅशनल पार्क आहे, तेव्हा पार्कचा माणूस असेल म्हणून मी थांबलो. तो कोणीही नव्हता. नुसता बसला होता. पीच खात.

"स्टॉप," तो म्हणाला. "शू."

मी म्हणलं, "यस. शू."

"नो. शू. अंडर."

मला आधी वाटलं बुटाखाली काहीतरी चिकटलंय. पाय उचलला. एका पायावर, उतारावर, बायकोच्या खांद्याला धरून. त्याने पीचची कोय गालात सरकवली, बोटं चड्डीला पुसली, माझी टाच हातात घेतली आणि सोलच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून दाबलं, घासलं, परत दाबलं. लक्ष्मी रोडवरचा सराफ आजीची पाटली कसोटीवर घासून "यात घट फार जाईल हो" म्हणायच्या आधी जो चेहरा करतो ना, तो चेहरा.

"नों."

"व्हाय?"

"धिस, फॉर सिटी." मग जरा विचार करून, "फॉर सुपरमार्केट."

सुपरमार्केट! या शूजने मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय. आता हे त्याला कसं सांगणार? तरी मी बुटाकडे बोट दाखवून मोठ्याने "हरिश्चंद्रगड!" असं म्हणलं. त्याने खांदे उडवले आणि काहीतरी पुटपुटला. बायको मोबाइलवर फ्रेंच शिकते, ती लगेच म्हणाली, "त्यांना माहीत नाही म्हणे." थँक्यू.

तोवर मागे ही रांग लागली. एक फ्रेंच कुटुंब तर चक्क खाली बसून बिस्किटं काढून बघायला लागलं. मग बायको पुढे आली, "बोंजूर मस्यू" म्हणाली आणि न सांगता पाय वर केला. तिचे शूज माझ्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, त्याच दुकानात त्याच दिवशी घेतलेले, दोन जोड घेतल्यावर डिस्काउंट होता म्हणून. म्हाताऱ्याने नख लावलं न लावलं आणि, "आ! वुआला! त्रे ब्यँ!"

मी म्हणलं, सेम! सेम शू! दोन्ही पाय शेजारी शेजारी धरून दाखवले. त्याने शांतपणे दोन्ही सोल बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "नो. मदाम वॉक..." आणि पिचाच्या रसाने माखलेली बोटं हवेत अशी तरंगवली. "यू..." म्हणून पंजा धाडकन दगडावर आपटला. "बूम."

बिस्किटवाल्या पोरांनी ते उचललं. बूम, बूम. मी म्हणलं, हे बोंजूरमुळे आहे, तू गोड बोललीस म्हणून पास झालीस. बायको म्हणे, तूही म्हणायचं होतंस. अहो मी म्हणलो होतो! हळू म्हणलो असेन, पण म्हणलो होतो. आणि याच्या स्वतःच्या पायात काय, तर आपण शाळेत असताना पावसाळ्यात घालायचो तसले जाळीदार प्लास्टिकचे सँडल. तिकडे म्हणे समुद्रावर सगळे तेच घालतात. मी विचारलं, "युवर शू?" तर छातीवर हात ठेवून म्हणतो, "मी, कासी." झालं. गाव कासी असलं की सोल लागत नाही.

चिडण्यासारखं यात काय आहे असं बायको अजून विचारते. त्याच ट्रिपमध्ये येताना एअरपोर्टवर अख्ख्या रांगेतून मलाच बाजूला घेऊन बूट काढायला लावले होते, ट्रेमध्ये माझे बूट एकटेच फिरत होते, त्यामुळे कोणी माझ्या पायाकडे बोट दाखवलं की माझं डोकं आधीच सटकतं. तिला नव्हतं घेतलं बाजूला. तिला कुठेच घेत नाहीत.

याच किनाऱ्यावर पलीकडे कॉस्केर नावाची गुहा आहे, 1985 मध्ये एका पाणबुड्याला सापडली, तोंड समुद्राखाली 37 मीटरवर आणि आत अश्मयुगातली चित्रं, सील, घोडे, हातांचे ठसे. समुद्र खाली होता तेव्हा माणसं तिथे चालत जात होती. त्यांना वाटेत कोणी अडवून तळपाय बघितले असतील असं मला वाटत नाही.

बरं, नियमांना माझा विरोध नाही. शेजारच्या सुजितों कलांकला 2022 पासून उन्हाळ्याच्या गर्दीत दिवसाला 400च माणसं सोडतात, आधी फुकटात बुकिंग करायचं, कारण पायांनी माती धुपून झाडांची मुळं उघडी पडलीत. पटतं. जून ते सप्टेंबर आगीच्या धोक्यामुळे कुठली वाट उघडी कुठली बंद हे आदल्या दिवशी संध्याकाळी बघायचं, तेही पटतं. शनिवार-रविवारी सांदण दरीत असलं काहीतरी कोणीतरी करा असं मीच ओरडत असतो. पण अख्ख्या वाटेवर पाण्याचा एक नळ नाही हो. चुनखडीत पाणी वर थांबतच नाही, सगळं झिरपून खाली जातं, पोर मियूला तर एक अख्खी नदी जमिनीखालून येऊन समुद्राच्या पोटातच बाहेर पडते, तिच्यासाठी भुयारात बंधारे घालून बघितले तरी पाणी खारटच राहिलं. म्हणजे पायाखाली नदी आणि माझ्या हातात अर्ध्या लिटरची बाटली, त्यातली निम्मी बायकोने प्यायलेली. त्यावर कोणी बोलत नाही. माझ्या सोलवर बोलायला मात्र गाव मोकळं.

उतरलो. बूड टेकवत, मुळं धरत, पण घसरलो नाही. एकदाही नाही. हे इथे लिहून ठेवतो कारण घरी हे कोणी मान्य करत नाहीये. खाली गोट्यांचा छोटासा किनारा, आणि पाणी इतकं गार की गुडघ्यापर्यंत जाऊन मी परत फिरलो.

परत चढताना म्हातारा तिथेच. आता त्याच्यासमोर एक सहा फुटी जर्मन पोरगा उभा होता, आणि म्हातारा त्याला जीव तोडून काहीतरी समजावत होता पण पोराला कळत नव्हतं. तेवढ्यात मी दिसलो. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम फुलला. त्याने माझ्या दंडाला धरलं, जर्मनाच्या पुढ्यात उभं केलं आणि खाली बोट दाखवलं. मी काय करणार, उचलला पाय. जर्मन वाकला, नीट निरखून बघितलं, त्याच्या मैत्रिणीने फोटो काढला. मग स्वतःचे बूट बघून त्याने समाधानाने मान डोलावली आणि थँक्यू म्हणाला.

म्हाताऱ्याला.