रोबो खपवण्याचे काही रामबाण उपाय

हॉस्पिटलात ऑपरेशनचा रोबो आणलात? अभिनंदन! आता त्याचे हप्ते आले, दरवर्षीचा देखभालीचा करार आला, ठरावीक वेळा वापरली की फेकून द्यायची अवजारं आली. म्हणजे यंत्राला रिकामं बसवून चालायचं नाही. पेशंट हवेत, आणि तेही ‘मला रोबोच हवा’ असं आपणहून म्हणत आलेले. घाबरू नका. सासऱ्यांच्या हर्नियापायी नुकतीच अशाच एका हॉस्पिटलच्या तावडीत सापडले होते, त्यामुळे या विषयातला माझा अभ्यास बराच वाढलाय. तो फुकट देते.

आधी फ्लेक्स. त्यावर यंत्र मोठं, सर्जन लहान. यंत्राचे चारही हात पसरलेले, मागे निळा उजेड, आणि सर्जन कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे. हा रोबो स्वतःच्या मनाने एक टाकासुद्धा घालत नाही, बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलावर बसलेले सर्जन हात हलवतील तसा तो हलतो, एवढं लिहायला फ्लेक्सवर जागा उरणार नाही याची काळजी घ्या. लोकांना वाटू दे, यंत्राला सगळं येतं.

उद्घाटनाला कोणीतरी नामवंत बोलवा. रिबन हातानेच कापावी लागेल, त्याला इलाज नाही.

मग यंत्र लॉबीत मांडा, शाळेतली पोरं बोलवा आणि द्राक्षाची साल सोलून दाखवा. द्राक्षाला रक्तदाब नसतो, मधुमेह नसतो, आणि बाहेर नातेवाईकही बसलेले नसतात.

मजकूर लिहायच्या फंदात स्वतः पडू नका, कंपनी आयता देते. यात तुमच्यापुढे थोर परंपरा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ४०० हॉस्पिटलांच्या वेबसाइट तपासल्या होत्या. ज्यांनी रोबोचा गाजावाजा केला होता, त्यांतल्या ७३ टक्क्यांनी कंपनीनेच पुरवलेली चित्रं किंवा मजकूर चिकटवला होता. ८६ टक्क्यांनी रोबोच सरस असं ठोकून दिलं होतं. आणि धोके? एकानेही लिहिले नव्हते. एवढी एकवाक्यता डॉक्टरांच्या जमातीत एरवी कुठे सापडते!

बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ टाका. बरे न झालेले कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत, आपोआप सोय होते.

‘कमी वेदना, कमी रक्तस्राव, लहान छेद, लवकर घरी’ हा मंत्र पाठ करा. फक्त कशापेक्षा कमी, हे सांगू नका. कोणी फारच खोदून विचारलं तर पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा, म्हणा. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही छेद लहानच असतात आणि त्यातही माणूस लवकरच घरी जातो, हे पेशंटला कळता कामा नये.

त्यासाठी त्याला डॉक्टरांच्या आधी समुपदेशनाच्या खोलीत गाठायचं. आमच्या बाबांपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे, ब्लेझर घातलेल्या एका मुलीने टॅब्लेट ठेवला. तीन रकाने. ‘ओपन’खाली लालभडक व्रणाचा फोटो आणि खाली ओळीने फुल्या. ‘लॅप्रोस्कोपी’, म्हणजे साध्या दुर्बिणीखाली थोड्या फुल्या, थोड्या बरोबरच्या खुणा. ‘रोबोटिक’खाली सगळ्या हिरव्यागार खुणा, आणि नातवाला खांद्यावर घेतलेले हसरे आजोबा. बाबांनी त्या आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी विचारलं, “सरांनी या मशीनवर हर्नियाची किती ऑपरेशनं केलीत?”

“सर खूप सीनियर आहेत, मॅम.”

“हो, पण मशीनवर?”

“सरांकडे कंपनीचं सर्टिफिकेट आहे ना.”

“आणि साध्या दुर्बिणीने केलं तर काय बिघडेल?”

“बिघडणार काही नाही, मॅम. पण बाबांसाठी बेस्टच घ्यायचं ना?”

हे शेवटचं वाक्य लिहून ठेवा, तुमचे निम्मे हप्ते त्यावर फिटतील. त्याला उत्तरच नाही. नको म्हणावं तर सून चिक्कू, आणि म्हातारा समोर बसून ऐकतोय! जांघेतल्या हर्नियासाठी दुर्बीण बरी की रोबो, यावर १०२ रुग्णांची चाचणी झालेली आहे, २०२० साली ती प्रसिद्धही झाली. रोबोचा काही फायदा दिसला नाही. वेळ जास्त लागला, खर्च जास्त झाला. याची खूण कुठल्या रकान्यात, हिरवी की लाल, असं मी विचारलं. ती म्हणाली, “सरांना विचारून कळवते.” ते काही तिने कळवलं नाही. ‘डेट कधीची ब्लॉक करू?’ हे विचारायला मात्र फोनवर फोन. शेवटी बाबांचं ऑपरेशन आम्ही दुसरीकडे केलं, साध्या दुर्बिणीने. फोन अजून येतात.

यापुढचा सल्ला ‘कर्करोगाच्या पेशंटसाठीही हेच फ्लेक्स चालवा’ असा लिहायला घेतला होता. जमेना. २०१८ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची ६३१ बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी, पोट उघडून ऑपरेशन केलेल्यांपैकी ९६.५ टक्के बायका आजार न उलटता जगत होत्या. दुर्बिणीने किंवा रोबोने केलेल्यांत ८६ टक्के. मृत्यूही त्याच गटात जास्त. लहान छेद, लवकर घरी! पुढच्याच वर्षी एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, जाहीर इशारा दिला की स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेत आणि कर्करोगाच्या उपचारात रोबोची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही. तुमच्या कुठल्या फ्लेक्सवर आलं हे?

यंत्राशी माझं वैर नाही. प्रोस्टेटसारख्या अडचणीच्या जागी मनगटासारखी वळणारी अवजारं आणि मोठं दिसणारं चित्र सर्जनच्या कामी येतं, रक्तही कमी जातं. पण तिथेही ऑस्ट्रेलियातल्या २०१६ च्या चाचणीत, लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता बारा आठवड्यांनी रोबोने आणि पोट उघडून ऑपरेशन केलेल्या दोन्ही गटांत सारखीच निघाली. कन्सोलवर कोण बसलंय, हे म्हणूनच आधी कळायला हवं. आणि नेमकं तेच तुम्ही झाकून ठेवता.

बस झाला उपरोध. तुम्ही फसवताय लोकांना. निम्मंच सांगून सही घेणं ही फसवणूकच. रात्रभर झोप न लागलेला माणूस तुमच्याकडे रिपोर्टची फाइल घेऊन येतो, तो काही तुमच्या मशीनचे हप्ते भरायला आलेला नसतो. छापायचंच असेल तर हे छापा: या सर्जनने या यंत्रावर हे ऑपरेशन किती वेळा केलं, किती वेळा मध्येच पोट उघडावं लागलं, कितीजणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, साध्या दुर्बिणीने केलं असतं तर काय फरक पडला असता आणि बिल किती वाढतं. पाच ओळी होतात.

आणि डॉक्टर, सही घेण्याआधी स्वतः येऊन समोर बसा. त्या ब्लेझरवाल्या पोरीला पुढे करू नका. मी विचारलं त्याची उत्तरं तिला कोणी शिकवलीच नव्हती, ती बिचारी काय करणार? लाज तुम्हाला वाटायला हवी.