फीत कापल्यानंतरची दुर्बीण

एप्रिल २०२३ मध्ये हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाला २६०० कोटींची मंजुरी मिळाली. त्यानंतर दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लडाखमधल्या हानले इथे 'मेस' या गॅमा किरण दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या मंडळींशी विज्ञानाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. जत-आटपाडीत आणि माण-खटावात पाण्याची ओढाताण संपलेली नसताना आकाशातले किरण मोजायला एवढा पैसा कशाला? आणि करायचेच तर लडाखला का, आपले महाबळेश्वर काय वाईट आहे?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते उडवून लावणाऱ्या शास्त्रज्ञांचा मला राग येतो. पण जीनिव्हाजवळ, सर्न या युरोपच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या शेजारी राहून या क्षेत्राकडे पाहताना एक गोष्ट सतत खटकते. आपल्याकडची चर्चा मंजुरीचा दिवस आणि उद्घाटनाचा दिवस यांच्याभोवतीच फिरते. यंत्र चालू झाल्यावर पुढची वीस वर्षे ते कोण सांभाळणार, हे कोणी विचारत नाही. या शास्त्रात निकाल लागतो तो त्या वीस वर्षांत.

आधी महाबळेश्वरचे बघू. गॅमा किरण म्हणजे फार जास्त ऊर्जेचा प्रकाश, आणि तो जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. एक टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे मोठे एकक) ऊर्जेचा किरण हवेत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते, तिच्यातून पुन्हा गॅमा किरण, त्यांतून पुन्हा जोड्या. हा कणांचा वर्षाव आठ-दहा किलोमीटर उंचीवर ऐन भरात असतो. हवेतल्या प्रकाशापेक्षाही हे कण वेगाने धावतात, त्यामुळे निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. जमिनीवर तो साधारण १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरतो. चौरस मीटरला शंभरेक प्रकाशकण, आणि तेही काही अब्जांश सेकंदांपुरते. एवढ्यासाठी मेसला २१ मीटर व्यासाचा, ३५६ पॅनल जोडून केलेला आरसा आणि १०८८ फोटोमल्टिप्लायर नळ्यांचा (अंधुक उजेड विजेच्या ठोक्यात बदलणाऱ्या) कॅमेरा लागतो. शेजारशेजारच्या काही नळ्या एकदम पेटल्या तरच चित्र नोंदवले जाते, नाहीतर साध्या ताऱ्यांच्या उजेडानेच नोंदवही भरून जाईल. शिवाय एका गॅमा किरणामागे हजारो प्रोटॉन येऊन असाच प्रकाश पाडतात. गॅमाचे चित्र बारीक लंबगोल येते, प्रोटॉनचे विस्कटलेले. ही निवड करण्याची मापे मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये मांडली आणि आजही सुरुवात तिथूनच होते.

राजस्थानात माउंट अबूला टॅक्टिक नावाची अशीच लहान दुर्बीण आहे, सुमारे १३०० मीटरवर. म्हणजे महाबळेश्वरच्याच तोडीची उंची. तेव्हा नुसत्या उंचीमुळे महाबळेश्वर बाद होत नाही, ते बाद होते पावसामुळे. चांगल्या जागीही अंधाऱ्या आणि निरभ्र रात्रींचे वर्षाला हजारेक तासच हाती लागतात. त्यातून जून ते ऑक्टोबर वजा केले, उरलेल्या महिन्यांतले धुके वजा केले, तर शिल्लक फार थोडे राहते. त्या दमट हवेत आरशांवरचा ॲल्युमिनियमचा थर लवकर निस्तेज होतो आणि हजार-दीड हजार व्होल्टवर चालणाऱ्या नळ्यांच्या तळाशी वीज झिरपू लागते.

हानलेचा खरा फायदा वेगळाच आहे. ४२७० मीटरवर वर्षाव जवळ असतो, त्यामुळे चेरेन्कोव्ह प्रकाश समुद्रसपाटीच्या चार-पाच पट दाट मिळतो. टॅक्टिकला साधारण एक टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचेच किरण दिसतात, मेसला त्याच्या तिसाव्या हिश्श्यापर्यंत खाली उतरता येते. दूरच्या दीर्घिकांकडून निघालेले फार ताकदीचे किरण वाटेतल्या प्रकाशाला धडकून नष्ट होतात, कमी ताकदीचे पोहोचतात. दूरचे बघायचे तर खाली उतरावेच लागते. त्यामुळे लडाखची निवड बरोबर होती, असे मी ठामपणे म्हणेन.

आता सांभाळण्याबद्दल. सर्नच्या २७ किलोमीटरच्या भुयारात १० सप्टेंबर २००८ ला प्रोटॉनचा पहिला झोत फिरला आणि जगभर बातम्या झळकल्या. नऊ दिवसांनी, १९ तारखेला, दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. अतिवाहक तारांचे हे जोड सोल्डर करून केलेले असतात आणि उणे २७१ अंशांवर त्यांचा रोध ओहमच्या अब्जांश भागाहूनही कमी असावा लागतो. या जोडाचा भरला सुमारे २२० अब्जांश. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यातून ८७०० अँपिअर जात होते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हे गणित करून पाहा, सोळा-सतरा वॉट येतात. घरातल्या एलईडी बल्बइतकी ही उष्णता त्या थंडीत पुरून उरली. जोड वितळला, ठिणगी पडली, हेलियमच्या नळकांड्याला भोक पडले, सहा टन हेलियम गेले आणि ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. पुढची तीन-साडेतीन वर्षे ते जवळपास अर्ध्या ऊर्जेवर चालवले आणि मग दोन वर्षे थांबवून दहा हजारांहून अधिक जोड एकेक तपासून पक्के केले. याच यंत्रात चुंबक उचलून सूक्ष्म मापात बसवणारे सुमारे सात हजार जॅक भारतातून आलेले आहेत. बत्तीस टनांचा चुंबक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका सरकवता येईल अशी ती घडण आहे. किर्लोस्करवाडी, कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या कारागिराला हे काम परके वाटणार नाही. जोडाचे आणि जॅकचे महत्त्व आपल्याकडच्या चर्चेत कुठेच येत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरे उदाहरण कोजागरीचे. ९ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, भारतात पावणेसात वाजता, सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका स्फोटाचे गॅमा किरण पृथ्वीवर आले. नोंदवल्या गेलेल्या अशा स्फोटांत याच्याइतका तेजस्वी दुसरा नाही. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या आणि नामिबियातल्या नामांकित चेरेन्कोव्ह दुर्बिणींकडे तेव्हा दिवस होता, आणि रात्र झाली तेव्हा पौर्णिमेचा लख्ख चंद्र. मोलाचे सुरुवातीचे तास हातचे गेले. चीनच्या ४४१० मीटरवरच्या ल्हासो केंद्राने मात्र पहिल्या तासाभरात साठ हजारांहून अधिक किरण मोजले. तिथे ७८ हजार चौरस मीटरच्या झाकलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, वर्षावातले कण त्या पाण्यात शिरले की प्रकाश पडतो. चंद्र असो, ऊन असो, टाकी चालूच. कुणी दुर्बीण वळवायची गरज पडली नाही. चोवीस तास निमूट मोजत राहणाऱ्या यंत्राला जे मिळाले ते इतरांना मिळाले नाही.

पैशाचा प्रश्न इथे जीनिव्हाकडेही आहेच, आणि इथली मंडळी तो आपल्यापेक्षा कडकपणे विचारतात. सर्नला आता ९१ किलोमीटरचे नवे भुयार हवे आहे, अंदाज १५ अब्ज स्विस फ्रँकचा. वाटेतल्या फ्रेंच गावांमधले शेतकरी विचारतात की खणलेला दगड टाकणार कुठे, पाणी किती लागणार, आमच्या कुरणांचे काय. त्यांना 'विज्ञानविरोधी' म्हणून गप्प करता येत नाही, कागदावर उत्तर द्यावे लागते. अमेरिकेने तर टेक्सासात अशाच यंत्रासाठी २३ किलोमीटर भुयार खणून आणि दोन अब्ज डॉलर घालवून १९९३ मध्ये काम कायमचे बंद केले.

आपल्याकडे तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो या जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांसाठी ५० हजार टन लोखंडाचा शोधक उभा राहायचा होता. लोक विचारत होते सुरुंगांबद्दल, पाण्याबद्दल, डोंगराबद्दल, आणि उत्तर मिळत होते की न्यूट्रिनो निरुपद्रवी असतात. उत्तर खरे होते, पण ते त्या प्रश्नाचे नव्हते. काम अडले ते अडलेच, आणि न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम लावायचे तेच उद्दिष्ट घेऊन चीनचा जूनो प्रयोग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरूही झाला. पाटण तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांच्या घरात घडला, त्यांनी सुरुंगाबद्दल विचारलेच पाहिजे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडले गेले आणि कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. म्हणजे या जिल्ह्याला खोल विज्ञान नवीन नाही.

मग सातारा-सांगलीने काय मागावे? माझ्या मते मोठी दुर्बीण मागू नये. कॉलेजच्या छतांवर म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असलेला कण) मोजणारी केंद्रे मागावीत आणि ती दहा वर्षे चालवण्याचा खर्च पहिल्याच दिवशी बांधून घ्यावा. वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या, वर्षावातून जमिनीवर येणारा म्युऑन ढग, दिवे, चंद्र काही जुमानत नाही. तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक जातात. कोजागरीसारखा स्फोट या यंत्रांना दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सूर्यावरची वादळे, हवेच्या थरांतले बदल आणि वळवाच्या ढगांतली वीज एवढे मात्र दिसू शकते. उटीच्या ग्रेप्स-३ केंद्राने १ डिसेंबर २०१४ च्या एका वादळी ढगात १.३ अब्ज व्होल्ट मोजले, ते म्युऑनची संख्या १८ मिनिटे दोन टक्क्यांनी घटली यावरून. मोजणी आधीपासून वर्षानुवर्षे चालू होती म्हणूनच ते दोन टक्के दिसले.

मांडणी अशी. सिंटिलेटर नावाच्या प्लास्टिकच्या ३० बाय ३० सेंटिमीटरच्या, एक सेंटिमीटर जाडीच्या तीन पाट्या दहा-दहा सेंटिमीटर अंतराने एकावर एक ठेवायच्या. म्युऑन गेला की पाटी चमकते, तो उजेड खाचेत बसवलेल्या तंतूतून सिलिकॉनच्या प्रकाशग्राहकापर्यंत जातो. पाटी आधी पांढऱ्या परावर्तक कागदात आणि मग काळ्या कागदात दोनदा गुंडाळायची. इथेच पहिली चूक होते. तंतू बाहेर येतो त्या कोपऱ्यातून उजेड शिरतो आणि दिवसा मोजणी वाढते, रात्री उतरते. विद्यार्थ्यांना सूर्याचा शोध लागल्यासारखे वाटते. खोलीत अंधार करून विजेरी कोपऱ्या-कोपऱ्यावर फिरवायची, आकडा हलला की तिथे पुन्हा चिकटपट्टी.

दुसरी अडचण उन्हाची. प्रकाशग्राहक चालू व्हायला लागणारा व्होल्टेज दर अंशाला २० ते ५० मिलिव्होल्टने वाढतो. एप्रिलात पत्र्याच्या पेटीत पहाट ते दुपार २० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे अर्धा ते एक व्होल्ट. त्याच्या वर राखून ठेवलेला व्होल्टेजच तीन असेल तर संवेदनशीलता सहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा घटली. पेटी सावलीत ठेवायची, आत तापमापक बसवायचा आणि व्होल्टेज त्यानुसार आपोआप बदलायचा.

तीन पाट्या कशासाठी, तर प्रत्येक ग्राहक स्वतःच्या खुळखुळाटानेही सेकंदाला हजार खोटे ठोके देऊ शकतो. दोनच पाट्या आणि १०० अब्जांश सेकंदांची खिडकी (एवढ्या वेळात आलेले दोन ठोके एकाच कणाचे मानायचे) धरली तर योगायोगाने जुळणाऱ्या खोट्या जोड्या पाच सेकंदांला एक येतात. तिसरी पाटी लावली की त्या नगण्य होतात. वळवाच्या विजेची खूण वेगळी. वीज कडाडताना तारांत शिरणारा झटका तिन्ही पाट्यांवर एकदम आणि क्षणभर येतो, खरा परिणाम काही मिनिटे टिकतो आणि एक-दोन टक्क्यांचा असतो. हे वेगळे काढता येत नसेल तर वादळाबद्दल काहीही छापू नये.

हवेचा दाब मोजायला विसरू नये. दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की म्युऑन ०.१ ते ०.२ टक्के कमी होतात, म्हणजे कमी दाबाचा पट्टा सरकला की सौर वादळाएवढाच फरक दिसतो. आणि आपण साधारण १७ अंश अक्षांशावर आहोत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे कमी ऊर्जेचे वैश्विक किरण अडवते, त्यामुळे सौर वादळाचा ठसा युरोपापेक्षा फिका पडतो. अशा एका पेटीला तासाभरात वीस-तीस हजार म्युऑन मिळतात, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून अधिक चूक, आणि आपल्याला शोधायचे असतात एक-दोन टक्के. म्हणून एकटे कॉलेज पुरत नाही. बारा पेट्या एकत्र केल्या तर चूक साडेतीन पटींनी कमी होते. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा, वाई, पाचगणी अशी साखळी हवी, आणि वेळ जीपीएसवर जुळवलेली.

सगळ्यात जास्त नोंदी बुडतात त्या मात्र मे महिन्यात. परीक्षा संपतात, इमारतीचा मेन स्विच बंद होतो आणि सहा आठवड्यांची नोंद कोरी राहते. पेटीसाठी वेगळी लाईन, त्यावर बॅटरी, आणि ती बघायला पगारी माणूस एवढे ठरल्याशिवाय प्लास्टिकची ऑर्डरही देऊ नये. आल्यावर सगळ्या पेट्या तीन महिने एकाच छतावर शेजारी शेजारी चालवाव्यात, त्यांचे आकडे एकमेकांशी लावून घ्यावेत आणि मगच गावोगाव पाठवाव्यात. एक पाचगणीला, एक सांगलीच्या नदीकाठी, आणि परवानगी मिळाली तर एक कोयनेच्या भूमिगत वीजगृहाच्या वाटेवरच्या बोगद्यात, जिथे डोक्यावरचा दगड वाढत जाईल तसतसे म्युऑन किती घटतात ते पायरीपायरीने मोजता येईल. तिथल्या ओलाव्यात जोडण्या हिरव्या पडतात, तेव्हा त्या पेटीत सिलिका जेल दर पंधरवड्याला बदलावे लागेल.