पोतंवाला येत नाही, ओळखीची मावशी येते

आठवीतल्या एका मुलीला मी शाळेच्या वाचनालयातून एक इंग्रजी कादंबरी दिली. चार दिवसांनी तिचे वडील ती घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, तेरा वर्षांच्या पोरीला हे वाचायला देता?" आठवड्याभरात मला वरून सांगण्यात आलं की पुस्तक शिक्षकांच्या कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. मी ठेवलं. पण ते मला पटलेलं नाही.

पुस्तक आहे पॅट्रिशिया मॅकॉर्मिक यांचं 'सोल्ड', २००६ सालचं. त्यातली लक्ष्मी नेपाळच्या डोंगरातल्या गावात राहते आणि तीही तेराच वर्षांची आहे. घरावर गवताचं छप्पर. आईसाठी पत्रे घालायचे, एवढं तिचं स्वप्न. पावसात पीक वाहून जातं, सावत्र बाप जुगारात पैसे घालवतो, आणि मग शहरात घरकामाला लावते म्हणणारी एक गोड बोलणारी बाई भेटते. लक्ष्मी पोहोचते ती कोलकात्याच्या वेश्यावस्तीत. लेखिकेने नेपाळ आणि कोलकाता इथे जाऊन या नरकातून सुटलेल्या बायकांशी बोलून हे लिहिलंय. पान-अर्ध्या पानाचे तुकडे, सगळे लक्ष्मीच्याच तोंडून.

त्या वडिलांना वाटलं असणार की पानापानावर किळसवाणी वर्णनं असतील. तसं नाही. अत्याचार आहे, तो लपवलेला नाही, पण मुलीला जेवढा कळतो तेवढ्याच शब्दांत येतो. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते हिशेबाने. तो कुंटणखाना चालवणारी मुमताज वही ठेवते. लक्ष्मीला विकत घेतल्याची रक्कम, जेवण, कपडे, औषधपाणी, सगळं तिच्याच नावावर. लक्ष्मी शाळेत हुशार, ती मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करत राहते: इतकं फेडलं की सुटले. तिचं गणित बरोबर असतं, वहीच खोटी असते. मुलीला डांबून ठेवायला दाराच्या कुलपापेक्षा ही उधारी जास्त कामाला येते. आमच्याकडे आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. ज्या वयात मुलं ते सोडवतात, त्या वयात त्यांना ही वही नक्की कळते.

आपण मुलांना कशाची भीती घालतो? पोतंवाल्याची. अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको. बरोबर आहे, सांगायलाच हवं. पण मुलं विकली जातात ती बहुतेक वेळा ओळखीतून: गावातला कोणी, नात्यातली मावशी, काम लावून देतो म्हणणारा दादा, लग्नाचं स्थळ आणणारा. आईबापाला आगाऊ पैसे देऊन, पोरीला नवे कपडे घेऊन. यासाठी नेपाळपर्यंत जायलाही नको. २०२२ साली आमच्याच नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला दिल्याचं उघड झालं. मोबदला काय, तर एक मेंढी आणि थोडे रुपये. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मेली, तेव्हा कुठे पेपरात बातमी आली. तिकडे पत्रे, इकडे मेंढी. बातमी आपण दोन दिवस वाचतो आणि विसरतो. लक्ष्मी मात्र वाचणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही. कादंबरी लागते ती यासाठी.

या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रारही आहे. शेवटी सुटका करायला एक अमेरिकन माणूस येतो. अशा सुटका झाल्या असतील, मी नाकारत नाही. पण मुंबईचाच इतिहास बघा. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथल्या वेश्यावस्तीवर मोठे छापे पडले, शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यात नेपाळी मुली खूप होत्या. नेपाळच्या सरकारने या मुलींना परत न्यायला टाळाटाळ केली. शेवटी नेपाळमधल्या संस्थांनी त्यांना घरी नेलं. त्यांच्यातल्याच काही जणींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना उभी केली, तस्करीतून सुटलेल्या बायकांनी चालवलेली. २०१३ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मुलींना मला हा शेवट वाचायला द्यायचाय, ज्यात लक्ष्मी स्वतः उठते आणि दुसऱ्या लक्ष्मीला शोधायला निघते. मराठीत कुमारवयीन मुलांसाठी हे कुणीतरी लिहावं. कामाठीपुरा आपला, बुधवार पेठ आपली, ऊसतोडीच्या कोपीवर घाईघाईने उरकलेली पोरींची लग्नंही आपलीच.

'सोल्ड' अमेरिकेतही शाळांमधून काढलं जातंय. २०२३-२४ या शालेय वर्षात तिथे सर्वाधिक काढल्या गेलेल्या पुस्तकांत ते होतं. म्हणजे भीती सगळीकडे सारखीच. त्या वडिलांचा मला राग नाही. लेकीच्या वयाच्या मुलीचं हे वाचून कुठल्या बापाचा जीव दडपणार नाही? मी त्यांना एवढंच म्हटलं, तुम्हीही पूर्ण वाचा, मग तिच्याशी बोला. पुस्तक सरसकट सगळ्यांच्या हातात द्या असं माझं म्हणणं नाही. पण जी मुलगी स्वतःहून मागते, तिला ते द्यावं, आणि वाचून झाल्यावर तिच्याजवळ बसावं. तिला प्रश्न पडतील तेव्हा समोर मोठं माणूस असावं.

वडील पुस्तक ठेवून निघाले तेव्हा ती मुलगी दाराशी उभी होती. तिचं अर्धंच वाचून झालं होतं. हळूच मला विचारलं, "मॅडम, तिच्या आईच्या घरावर पत्रे पडले का?"