खुलासा: डिक्शनऱ्या जोडल्या की बेरीज होत नाही

सांगलीतल्या आमच्या पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, 'दोन डिक्शनऱ्या अपडेटने जोडल्या की सारख्या कीच्या आकड्यांची बेरीज होते.' (डिक्शनरी म्हणजे नावासमोर आकडा ठेवणारी यादी: नाव ही 'की', आकडा ही तिची 'किंमत'. अपडेट म्हणजे एका डिक्शनरीत दुसरी ओतणारी आज्ञा.) हे चूक आहे आणि चूक माझीच. न चालवता लिहिलं, दुसरं काय!

काल स्वतः चालवून पाहिलं. सकाळची आवक: हळद 40 पोती, गूळ 25 रवे. दुपारची: हळद 15. जोडल्यावर हळद 55 यायला हवी होती ना? आली 15. नंतरची किंमत आधीचीवर बसते; 40 पोती गायब, आणि एररही येत नाही. हिशेबात हेच महागात पडतं.

शिवाय अपडेट नवी डिक्शनरी देत नाही, सकाळचीच बदलतं. त्याचं उत्तर 'एकूण'मध्ये ठेवलंत तर हातात नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येतो. मूळची तशीच हवी असेल तर पायथन 3.9 पासून दोन्हींमध्ये उभी रेघ (|) टाकता येते, पण तिथेही उजवीकडचीच किंमत टिकते. अधिकचं चिन्ह टाकलं तर सरळ टाइप एरर.

बेरीजच हवी तर लूप लावून, म्हणजे एकेक की घेत, गेट (get) या आज्ञेने जुना आकडा घ्या, नसेल तर शून्य धरा, आणि नवा त्यात मिळवा.

माझा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ठिकाणी हा टाका.