अर्धं भिंग झाकलं तर अर्धीच समई दिसेल?

बहिर्गोल भिंगाच्या धड्यातला, वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कुठे आणि कशी पडते हे सांगणारा तो सहा ओळींचा तक्ता पोरांकडून घोकून घेणं आधी थांबवा. टोकाचं वाटेल, पण गोव्यात डिचोलीत आमच्या वाड्यावरची दहावीची मुलं संध्याकाळी विज्ञानाचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात आणि दरवर्षी तेच घडतं. 'वस्तू एफ आणि टू एफच्या मध्ये' (एफ म्हणजे नाभी, समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तो बिंदू; टू एफ भिंगापासून त्याच्या दुप्पट अंतरावर) एवढं म्हटलं की उत्तर तयार: प्रतिमा टू एफच्या पलीकडे, वास्तव (म्हणजे पडद्यावर पकडता येणारी), उलट, मोठी. मग विचारायचं, "बाळा, भिंगाचा वरचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाकला तर भिंतीवर काय दिसेल?" बहुतेकजण ठामपणे सांगतात, अर्धी प्रतिमा.

आपलीच पोरं कच्ची असं समजू नका. गोल्डबर्ग आणि मॅकडरमॉट या अभ्यासकांनी १९८७ साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय. शिकून झाल्यावरही पुष्कळांनी अर्धी प्रतिमा गायब केली होती.

घोळ होतो तो आकृतीमुळे. आपण बाणाच्या टोकापासून दोन किरण काढतो. एक अक्षाला, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेला, समांतर जातो आणि भिंगातून बाहेर पडल्यावर नाभीतून जातो, दुसरा भिंगाच्या मध्यातून सरळ. छेदले की झाली प्रतिमा. मुलांना वाटतं, काम हे दोघेच करतात, त्यातला एक अडवला की संपलं. खरं तर त्या टोकापासून असंख्य किरण निघतात, भिंगाच्या काठापासून काठापर्यंत पडतात आणि सगळे त्याच बिंदूत येऊन मिळतात. आपण ते दोन निवडतो, कारण त्यांची वाट कोनमापकाशिवाय काढता येते. एवढंच. म्हणून अर्धं भिंग झाकलं तरी समईची ज्योत पूर्ण उमटते, फक्त फिकी.

हे सांगण्यापेक्षा दाखवा. खोलीत अंधार करा (आपल्याकडे पावसाळ्यात त्याची सोय वीजखातं करतंच), समई लावा, भिंग धरा, समोर पांढरा कागद. ज्योत उलटी दिसली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मग पोस्टकार्ड हळूहळू पुढे सरकवा.

त्यानंतर आलेखाचा कागद. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, उंची २ सेंमी. नीट काढलं तर किरण पलीकडे ३० सेंमीवर छेदतात आणि प्रतिमा ४ सेंमी, उलटी. सूत्राने पडताळा, तेच येतं. आता वस्तू ७ सेंमीवर आणा. बाहेर पडलेले किरण फाकतात, पुढे कधीच भेटत नाहीत. मग ते तुटक रेषांनी मागे वाढवायचे. ही रेषा तुटक का, हे मात्र सांगाच: तिथून प्रकाश आलेलाच नसतो, डोळ्याला तसं वाटतं. कागद धरून ही प्रतिमा पकडता येणार नाही. 'आभासी' हा शब्द पाठ असलेली मुलं इथे पहिल्यांदा गप्प होऊन विचार करतात.

तक्ता लागतोच कुणाला? आजी 'नवप्रभा' वाचते ते भिंग घ्या. अक्षरांजवळ ठेवा, सुलट आणि मोठी. वर उचलत न्या, आणखी मोठी, मग सगळं पुसट. बरंच लांब नेऊन डोळाही मागे घेतला की अक्षरं उलटी, आणि पुढे लहान लहान होत जातात. सहाही ओळी एका हाताच्या हालचालीत आल्या.

'गुण आकृतीला असतात हो' असं पालक म्हणतात. असतात, आणि किरणांवर बाण विसरलात तर जातातही. पण समजून काढणाऱ्याचे बाण चुकत नाहीत, त्याला प्रकाश कुठून कुठे चाललाय ते ठाऊक असतं. अंतर्गोल भिंगाला तर पाच मिनिटं पुरतात: समोर खरी वस्तू असेल तर प्रतिमा आभासी, सुलट आणि लहान, कुठेही ठेवा.

भिंग नसेल तर आजोबांचा वाचायचा चष्मा चालेल. नंबर +२ असेल तर नाभीय अंतर ५० सेंमी. खिडकीसमोरच्या भिंतीपासून तेवढ्यावर धरा, अंगणापलीकडचा माड उलटा उमटेल. लांबचं न दिसणाऱ्यांचा, वजा नंबरचा चष्मा मात्र घेऊ नका, भिंतीवर काहीच येणार नाही. का येत नाही, ते पोरांनाच आकृती काढून सांगू दे.