‘मेलेल्या’ तारांविषयी एका वाचकांना उत्तर

‘पहिली बेस गिटार निवडताना’ या माझ्या मागील लेखावर एका वाचकांनी टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. नवशिक्याने चार तारांची, पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारी), फेंडर कंपनीच्या ‘प्रिसिजन’ धाटणीची बेस घ्यावी, तिच्यावर फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या) तारा चढवाव्यात आणि उरलेले पैसे सेटअप (मान व तारांची जुळवणी) आणि ॲम्पसाठी राखून ठेवावेत, असे मी त्या लेखात सुचवले होते. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की पाच तारांशिवाय आज कोणी काम देत नाही, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटच्या) बेसला मी उगाच नावे ठेवली, लाकडाविषयी अवाक्षर काढले नाही, लहान हातांच्या मुलांचा विचार केला नाही आणि पंचवीस हजारांत नेमके काय घ्यावे हेही सांगितले नाही. शेवटची वाक्ये त्यांच्याच शब्दांत देतो: “फ्लॅटवाउंड तारा कुठल्याही दुकानात वाजवून पाहा, आवाज मेलेला वाटतो. लेखक कधी स्टेजवर उभे राहिले आहेत की सगळे ज्ञान दुकानाच्या काउंटरवर मिळवले आहे, अशी शंका येते. तसेही कोल्हापुरात बेस म्हणजे डॉल्बी, तेव्हा चालायचेच.”

महोदय, मतभेदाला माझी हरकत नाही. आवाज हा आवडीचा विषय आहे आणि आवडीवर वाद घालण्यात मला रस नाही. मात्र एखाद्याच्या अनुभवाविषयी शंका असेल तर ती सरळ विचारावी. चारचौघांत शंका सोडून द्यायची आणि आपण नामानिराळे राहायचे, याला चर्चा म्हणत नाहीत. आपण विचारले असते, तर मी आनंदाने सांगितले असते. आपण विचारले नाही, तरीही सांगतो आहे, कारण हे वाचणाऱ्या इतरांचा त्यात काही दोष नाही.

आधी जे मान्य करण्यासारखे आहे ते मान्य करतो. लहान हातांचा आपला मुद्दा रास्त आहे. १९६० साली आलेल्या फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते, तर प्रिसिजनची ४१ ते ४४ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पंजाला हा फरक चांगलाच जाणवतो. तारेची लांबी ३४ इंचांऐवजी ३० इंच असलेली शॉर्ट स्केल बेस हाही एक मार्ग आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर याच मापाची होती आणि त्यांचे त्यामुळे काही अडल्याचे ऐकिवात नाही. ही बाजू आपण दाखवून दिलीत, याबद्दल आभार. याखेरीज आपल्या प्रतिक्रियेत माझ्या हाती फारसे काही लागले नाही.

आता तारा मेलेल्या असल्याबद्दल. ‘कुठल्याही दुकानात वाजवून पाहा’ असे आपण लिहिता आणि नेमकी तिथेच गोम आहे. दुकानात बेस वाजते ती एका छोट्या प्रॅक्टिस ॲम्पवर, सहा किंवा आठ इंची स्पीकरमधून, शेजारच्या गिऱ्हाइकाला त्रास होणार नाही इतक्या बेताच्या आवाजात आणि सोबतीला दुसरे कोणतेही वाद्य नसताना. माणसाच्या कानाला हळू आवाजात खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले होते. बेसच्या ई (सर्वांत जाड) तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तो छोटा स्पीकर हा स्वर धड काढत नाही आणि काढलाच, तर त्या पातळीवर आपला कान तो धड घेत नाही. मग कानाला मिळते काय, तर तारेचा वरचा किणकिणाट. राउंडवाउंड तारेवर गोल तारेचे वेढे असतात, त्यामुळे तो किणकिणाट तिच्यात भरपूर असतो. फ्लॅटवाउंडवर पोलादाची चपटी पट्टी गुंडाळलेली असते, पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागतो आणि वरचे सूर लवकर विरतात. दुकानात राउंडवाउंड तार जिंकणार हे उघड आहे. आपण परीक्षा घेतलीत ती त्या स्पीकरची, आणि निकाल लावलात तो तारांचा.

तीच राउंडवाउंड बेस घेऊन स्टेजवर या. दोन ते चार हजार हर्ट्झच्या ज्या पट्ट्यात तिचा सगळा तजेला असतो, तिथे झांजा असतात, कीबोर्ड असतो, लीड गिटार असते आणि मुख्य म्हणजे गायकाची व्यंजने असतात. त्या गर्दीत बेसचा किणकिणाट कोणाच्या कानी पडत नाही आणि पडलाच, तर शब्दांच्या आड येतो. प्रेक्षकांपर्यंत बेसचे जे पोहोचते, ते साधारण ऐंशीपासून तीनशे हर्ट्झपर्यंतचे आणि त्याच्या वरचे थोडेसे. हा ऐवज फ्लॅटवाउंड तारांत पुरेपूर असतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील बहुसंख्य लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमरसन यांनी बेस वाजवली. त्यांची मुख्य बेस १९६२ सालची प्रिसिजन होती, तिच्यावर जाडजूड फ्लॅटवाउंड तारा होत्या, त्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत, आणि उजव्या हाताचे एकच बोट वापरत. आपल्या कसोटीने पाहिले, तर या माणसाने सगळी कारकीर्द मेलेल्या तारांवर काढली म्हणायची. राउंडवाउंड तारांना मी नावे ठेवत नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या जॉन एन्टविसल यांच्यासारख्या वादकाला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता आणि तो त्याच तारांनी दिला. परंतु माझा लेख एन्टविसल होऊ पाहणाऱ्यांसाठी नव्हता. गल्लीतल्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा बेस गळ्यात अडकवणाऱ्या मुलांसाठी होता.

हे समजून घ्यायला डेट्रॉइटपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मिरजेला जाऊन तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तार घासून निघणारी झणकार) काढणाऱ्या एखाद्या कारागिरापाशी घटकाभर बसावे. खुल्या जवारीचा तंबोरा एकटा ऐकला तर झगमगतो आणि नवखा माणूस तोच उचलतो. कारागीर मात्र आधी विचारतो की गाणार कोण, पट्टी कोणती. आणि मग घोडीवर सूत सरकवून, गरज पडली तर जवारी थोडी बंद करून देतो. वाद्य कोणासोबत वाजणार आहे, हे त्याला आधी कळावे लागते. बेसच्या तारांबद्दल मी याहून वेगळे काहीच म्हटलेले नाही.

राहिला माझ्या स्टेजचा प्रश्न. या शहरातल्या वाद्यवृंदात मी उमेदीची बरीच वर्षे बेस वाजवली आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, राजारामपुरी येथील मंडळांचे गणेशोत्सव, गडहिंग्लज आणि इचलकरंजीचे कार्यक्रम, लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी, हे सगळे मी केले आहे. आमचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, ते स्वतः ढोलकीवादक होते आणि बेसवाल्याला त्यांची एकच सूचना असे: “माझ्या धुमाच्या खाली राहा, अंगावर येऊ नकोस.” (धुमा म्हणजे ढोलकीची खर्जाची बाजू.) मीही त्या वयात राउंडवाउंड तारांची, ॲक्टिव्ह सर्किटची चकचकीत बेस हौसेने वापरत होतो. एका मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी दुपारच्या चाचणीनंतर केबल काढू नका, नाहीतर स्पीकरमध्ये धप्प आवाज होतो, असे बजावले. अशा बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत आतली नऊ व्होल्टची बॅटरी चालूच राहते, आणि ती बॅटरी काही नवी नव्हती. रात्री दुसऱ्याच लावणीला आवाज आधी फाटल्यासारखा झाला, मग प्रत्येक ठोक्यागणिक बसत गेला. बॅटरीच्या झाकणाला चार बारीक स्क्रू, स्टेजवर अंधार आणि स्क्रू ड्रायव्हर टेम्पोत. अण्णांनी मागे वळून फक्त पाहिले. विंगेत कोणाची तरी जुनी पॅसिव्ह बेस होती, वर्षानुवर्षे तारा न बदललेली. ती मी उचलली आणि उरलेला कार्यक्रम तिच्यावर वाजवला. कार्यक्रमानंतर अण्णा म्हणाले, “ही कुठं लपवली होतीस इतके दिवस?” हे ज्ञान कोणत्या काउंटरवर मिळते, ते आपणच सांगावे. आपले ज्ञान मोबाइलवरच्या चित्रफितींतून आले आहे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे मला शोभणार नाही.

आणि ‘कोल्हापुरात बेस म्हणजे डॉल्बी’ हे आपण लिहिले नसते तर बरे झाले असते. मिरवणुकीत स्पीकरची भिंत जे आदळते, तो मुद्रित गाण्यातला ड्रमचा ठोका फुगवलेला असतो. त्याचा या वाद्याशी काही संबंध नाही, आणि बेसवर मत देणाऱ्याला एवढे तरी माहीत असावे. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, जिथे देवल क्लबात लोक पिढ्यान् पिढ्या मांडी घालून गाणे ऐकत आले, त्या गावच्या कानांविषयी बोलताना टोपणनाव घेतलेल्या माणसाने जरा बेताने बोलावे. मिरवणुकीत नाचणारी आमची मुले दुसऱ्या दिवशी रियाझालाही बसतात.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाचवी तार ३१ हर्ट्झपाशी उतरते आणि मंडपातले अनेक स्पीकर चाळिशीच्या खाली हात टेकतात. ज्याला ती हवी असेल, त्याने चार तारा हातात बसल्यावर खुशाल घ्यावी. ॲक्टिव्ह बेसला मी नावे ठेवलेली नाहीत. १९७६ सालची म्युझिक मन कंपनीची ॲक्टिव्ह बेस ‘स्टिंगरे’ हे उत्तम वाद्य आहे, एवढेच, की नवशिक्याच्या हाती आवाजाची जास्त बटणे दिली की तो वाजवण्याऐवजी बटणेच फिरवत बसतो. लाकडाचे म्हणाल, तर बेसचा पिकअप चुंबकावर चालतो आणि पोलादी तारेचे कंपन टिपतो. सतारीच्या भोपळ्याचे नियम भरीव लाकडाच्या वाद्याला जसेच्या तसे लावू नयेत. ज्यांना आल्डर की ॲश यावर रात्र जागवायची असेल, त्यांनी जागवावी.

पंचवीस हजारांत काय घ्यावे, हे मात्र विचारलेत ते बरे केले. चांगल्या स्थितीतली वापरलेली, चार तारांची पॅसिव्ह बेस शोधावी आणि रंगाकडे नव्हे, मानेकडे पाहावे. ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) आणि मान जिथे खोक्याला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट दिसली, तर मान ठीक आहे. फट जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा वाक जुळवणारी सळई) फिरतो की अडकला आहे, हे विक्रेत्यासमोरच तपासून घ्यावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात मान हलतेच आणि तो रॉड वर्षातून एकदोनदा लागतोच. फ्लॅटवाउंड तारांचा ताण सहसा जास्त असतो, म्हणून त्या चढवल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी. त्यानंतर ‘जी’ (सर्वांत बारीक) तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवून तो किती टिकतो ते ऐकावे. या धाटणीच्या बेसमध्ये तिथे एखादा स्वर लवकर विझतो, आणि मेलेला आवाज शोधायचाच असेल तर तो तिथे सापडेल. आणि दुकानात एकटे जाऊ नये. ढोलकी वाजवणाऱ्या एखाद्या मित्राला सोबत न्यावे, त्याला वाजवत ठेवावे आणि त्याच्या आवाजात तारा ऐकाव्यात. मित्र मिळत नसेल तर मला कळवावे, मी ओळख करून देईन. त्यासाठी मात्र खरे नाव लागेल.